हवेची कमान : जुन्या पिकअप ट्रकसाठी हवापिशव्यांची निवड

वाहनाचा सांगाडा आणि त्याची चाके यांच्यामध्ये जी कमान बसविलेली असते, तिला एकाच वेळी दोन कामे करावी लागतात. तिने वाहनाचे वजन तोलून धरावयाचे असते आणि रस्त्यावरील खाचखळग्यांचा हादरा सांगाड्यापर्यंत पोहोचू द्यावयाचा नसतो. पोलादी कमान ही दोन्ही कामे आपल्या लवचिकपणाच्या बळावर करते. हवापिशवी तीच कामे कोंडलेल्या हवेच्या बळावर करते. रबर आणि बळकट धाग्यांचे विणलेले थर यांपासून केलेल्या या पिशवीत हवा भरली की वाहन उंच होते आणि हवा सोडली की ते खाली बसते. जुन्या पिकअप ट्रकांच्या अमेरिकेतील हौशी मालकांना हवापिशवीचे आकर्षण वाटते ते प्रामुख्याने या दुसऱ्या गुणामुळे. परंतु पिशवीची निवड केवळ ट्रक किती खाली बसतो एवढ्यावर केली, तर ट्रक उभा असताना देखणा आणि चालताना धोकादायक ठरतो. निवड कोणत्या क्रमाने व कोणत्या हिशेबाने करावी, याचा विचार या प्रकरणात केला आहे.

थोडा पूर्वेतिहास

मोटारगाडी जमिनीलगत आणण्याची प्रथा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात कॅलिफोर्नियातील मेक्सिकन वंशाच्या तरुणांमध्ये रूढ झाली. प्रारंभीचे उपाय ओबडधोबड होते. गाडीच्या मागील कप्प्यात वाळूची पोती टाकीत किंवा स्प्रिंगांची वेटोळी कापून टाकीत. वाहनाचा कोणताही भाग चाकाच्या धातूच्या कडीच्या खालच्या पातळीपेक्षा खाली येऊ नये, असा कायदा कॅलिफोर्नियात १९५८ पासून अंमलात आला. यातून मार्ग काढण्यासाठी १९५९ च्या सुमारास रॉन अगुइरे या तरुणाने आपल्या कॉर्व्हेट गाडीवर तेलाच्या दाबाने चालणारी यंत्रणा बसविली आणि गाडी हवी तेव्हा उंच व हवी तेव्हा ठेंगणी करता येऊ लागली. कॅलिफोर्नियाचे हे बंधन २०२३ मध्ये संमत झालेल्या कायद्याने १ जानेवारी २०२४ पासून उठविण्यात आले. तथापि त्यामागील तांत्रिक तत्त्व आजही तितकेच खरे आहे, हे पुढे दिसून येईल.

हवेच्या स्प्रिंगेचा इतिहास याहून वेगळ्या वाटेने गेला. फायरस्टोन कंपनीने १९३० च्या दशकात तिच्यावर प्रयोग केले. १९५३ पासून जनरल मोटर्सच्या लांब पल्ल्याच्या बसगाड्यांवर ती बसविली जाऊ लागली आणि १९५४ च्या प्रसिद्ध सीनिक्रूझर बसमध्येही तिचाच वापर झाला. प्रवासी मोटारींमध्ये मात्र तिचे पदार्पण फारसे यशस्वी ठरले नाही. १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोअॅम या महागड्या गाडीत चारही चाकांना हवेच्या स्प्रिंगा होत्या. त्यांतून हवा गळू लागल्यामुळे अनेक मालकांनी त्या काढून वेटोळ्याच्या साध्या स्प्रिंगा बसवून घेतल्या. हवेचे तत्त्व त्या काळीही सदोष नव्हते. सांधे, झडपा आणि रबर यांची गुणवत्ता तेवढी कमी पडली. या वस्तू सुधारल्यानंतर अवजड ट्रक, बसगाड्या आणि आगगाडीचे डबे यांत हवेच्या स्प्रिंगा सर्रास वापरात आल्या. मुंबईच्या उपनगरी गाड्यांतील प्रवासीही आज हवेच्या स्प्रिंगांवरच प्रवास करतात.

प्रथम वाहन ओळखावे

पिशवीच्या अगोदर ट्रकच्या मूळ रचनेचा अभ्यास करावयास हवा, कारण एकाच कंपनीच्या निरनिराळ्या वर्षांच्या ट्रकांमध्ये ही रचना भिन्न असते. शेव्हरोले कंपनीच्या सी-१० या अर्ध्या टनाच्या ट्रकाचे उदाहरण घेता येईल. १९६० ते १९६२ या वर्षांच्या ट्रकांना पुढील बाजूस पीळ देऊन भार तोलणाऱ्या पोलादी दांड्या होत्या. १९६३ पासून त्यांच्या जागी वेटोळ्याच्या स्प्रिंगा आल्या. १९६७ ते १९७२ या काळातील सी-१० ट्रकांना पुढे वेटोळ्याच्या स्प्रिंगा असून मागेही बहुधा तशाच स्प्रिंगा असत. मागील आस दोन लांब भुजांनी आणि एका आडव्या दांडीने जागच्या जागी धरलेला असे. १९७३ पासूनच्या ट्रकांना मागे कमानपाटे आले.

हा फरक केवळ तपशिलाचा नाही. वेटोळ्याची स्प्रिंग फक्त भार उचलते आणि आस पुढेमागे किंवा आजूबाजूस सरकू न देण्याचे काम भुजा करतात. म्हणून अशा ट्रकात स्प्रिंगेच्या जागी हवापिशवी बसविता येते. कमानपाटे मात्र भारही उचलतात आणि आसही धरून ठेवतात. ते काढून त्यांच्या जागी नुसती पिशवी ठेवली, तर आसाला धरणारे काहीच उरत नाही, कारण हवापिशवीला आडवा जोर मुळीच सोसत नाही. अशा ट्रकात पिशवीपूर्वी चार दांड्यांची स्वतंत्र जोडणी करावी लागते. फोर्डच्या १९५३ ते १९५६ या वर्षांच्या एफ-१०० ट्रकाला तर पुढेही अखंड आस आणि कमानपाटे आहेत. १९६५ पासूनच्या फोर्ड ट्रकांमधील दुहेरी तुळईची रचना खाली बसविली की चाके वरच्या बाजूने आत कलू लागतात आणि टायरची आतील कड लवकर झिजते. अशा प्रत्येक बाबतीत पिशवीच्या खर्चापेक्षा तिच्याभोवतीच्या कामाचा खर्च अधिक होतो, हे मालकाने आधीच जाणून असावे.

भाराचा हिशेब

हवापिशवीचे मूलभूत सूत्र अगदी साधे आहे. पिशवी जो भार उचलते, तो आतील हवेचा दाब आणि पिशवीचे परिणामी क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराइतका असतो. परिणामी क्षेत्रफळ म्हणजे पिशवीच्या बाहेरील घेराचे क्षेत्रफळ नव्हे. ते त्याहून कमी असते आणि निर्मात्याच्या तक्त्यावरून घ्यावे लागते.

उदाहरणादाखल एका ट्रकाचे वजन १,७२० किलोग्रॅम असून त्यातील १,००० किलोग्रॅम पुढील चाकांवर आणि ७२० किलोग्रॅम मागील चाकांवर येते असे समजू. पुढील प्रत्येक चाकावर ५०० किलोग्रॅम भार येईल. यातून चाक, ब्रेक इत्यादी कमानीखालील भागांचे ५० किलोग्रॅम वजा केल्यास ४५० किलोग्रॅम उरतात. मागील प्रत्येक चाकावर ३६० किलोग्रॅम येतात आणि आसाचा अर्धा भाग व चाक यांचे ७० किलोग्रॅम वजा जाता २९० किलोग्रॅम उरतात. प्रत्यक्षात हे आकडे ट्रक वजनकाट्यावर चढवून घेतले पाहिजेत. अंदाजावर विसंबणे हे चुकीच्या निवडीचे पहिले कारण असते.

आता तरफेचा नियम लक्षात घ्यावा. पुढील पिशवी चाकाखाली नसते. ती खालच्या भुजेवर, चाक आणि बिजागरी यांच्यामध्ये कोठेतरी असते. ती भुजेच्या बरोबर मध्यावर असेल, तर चाकावरील भाराच्या दुप्पट भार तिला पेलावा लागतो, म्हणजे ४५० च्या जागी ९०० किलोग्रॅम. उलटपक्षी, चाक जितके वर-खाली होते त्याच्या निम्मीच हालचाल पिशवीला करावी लागते. मागील पिशवी आसावर उभी बसविली असेल, तर चाकाचा भार आणि पिशवीचा भार सारखाच राहतो आणि हालचालही सारखीच राहते.

परिणामी व्यास १५ सेंटिमीटर असलेल्या पिशवीचे क्षेत्रफळ सुमारे १७७ चौरस सेंटिमीटर भरते. पुढील बाजूस ९०० किलोग्रॅम उचलण्यासाठी तिच्यात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५.१ किलोग्रॅम दाब लागेल. पेट्रोल पंपावर ज्याला ‘पौंड’ म्हणतात, त्या मापात हा दाब सुमारे ७२ पौंड होतो. हीच पिशवी मागे बसविली तर केवळ २३ पौंड दाब पुरेल. आता १२.५ सेंटिमीटर परिणामी व्यासाची, म्हणजे सुमारे १२३ चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची लहान पिशवी घेतली, तर पुढे १०४ पौंड आणि मागे ३४ पौंड दाब लागतो. अशा अनेक पिशव्यांच्या नेहमीच्या वापराची कमाल मर्यादा १०० पौंड धरलेली असते. म्हणजे पुढील बाजूस लहान पिशवी उभ्या ट्रकातच मर्यादा ओलांडते आणि खड्ड्यात चाक आदळल्यावर वाढणाऱ्या दाबासाठी काहीच शिल्लक उरत नाही. मागील बाजूस मात्र तीच लहान पिशवी योग्य आहे. ट्रकात ४०० किलोग्रॅम माल टाकून त्याचा सर्व भार मागील चाकांवर आला असे धरले, तरी तिच्यातील दाब सुमारे ५७ पौंडांपर्यंतच जातो.

चारही चाकांना सारख्याच मापाच्या पिशव्या घेण्याचा प्रघात सोयीचा असला, तरी शास्त्राला धरून नाही, हे या हिशेबावरून स्पष्ट होते.

चालीचा मऊपणा

मोठी पिशवी कमी दाबावर चालते, म्हणून ती अधिक मऊ असली पाहिजे, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. पिशवीचा ताठपणा दाब, क्षेत्रफळ आणि आतील हवेचे आकारमान या तिहींवर अवलंबून असतो. येथे दाब मोजावयाचा तो वातावरणाच्या दाबासह. कोंडलेल्या हवेला जितकी अधिक जागा, तितकी चाल मऊ होते. क्षेत्रफळ वाढविल्याने भार उचलण्याची शक्ती वाढते, परंतु हवेच्या स्तंभाची उंची वाढल्याखेरीज मऊपणा वाढत नाही.

वरील उदाहरणातील मागील पिशवीत हवेच्या स्तंभाची उंची १५ सेंटिमीटर धरली आणि क्षेत्रफळातील बदल तूर्त सोडून दिला, तर १५ सेंटिमीटर व्यासाच्या पिशवीवर ट्रकाची मागील बाजू सेकंदाला सुमारे १.९ वेळा हिंदकळते. १२.५ सेंटिमीटर व्यासाच्या पिशवीवर हा आकडा सुमारे १.८ येतो, म्हणजे लहान पिशवी किंचित मऊच ठरते. व्यास तोच ठेवून स्तंभाची उंची २२.५ सेंटिमीटर केली, तर आकडा सुमारे १.४ पर्यंत उतरतो. आरामदायक मोटारीची कंप्रता सेकंदाला १ ते १.५ च्या आसपास असते. यास्तव मागील बाजूस, जेथे जागा मिळते तेथे, अरुंद आणि उंच पिशवी निवडणे हितावह ठरते. उंच पिशवीला जागा नसेल, तर पिशवीला जोडून एक लहान टाकी बसविल्यानेही हवेचे आकारमान वाढून तसाच परिणाम साधतो.

पुढील बाजूची गोष्ट वेगळी आहे. तेथे तरफेमुळे पिशवीचा ताठपणा चाकापाशी एकचतुर्थांश होऊन जाणवतो, कारण बलही निम्मे होते आणि हालचालही निम्मी. त्यामुळे १५ सेंटिमीटर उंचीची रुंद पिशवीसुद्धा तेथे सेकंदाला सुमारे १.१ इतकी मऊ चाल देते.

हवापिशवीचा एक गुण पोलादी स्प्रिंगेत नाही. माल वाढला की पिशवीत हवा भरून दाब वाढवावा लागतो आणि दाबाबरोबर ताठपणाही वाढतो. म्हणून रिकाम्या आणि भरलेल्या ट्रकाची उंची सारखी राखता येते व चालही फारशी बदलत नाही. वरील उदाहरणात १५ सेंटिमीटरच्या पिशवीवर ४०० किलोग्रॅम माल टाकल्यानंतर कंप्रता १.९ वरून केवळ १.७ वर येते. पिकअप ट्रक हे मूलतः कष्टाचे वाहन आहे. हवापिशव्या नीट निवडल्या, तर खाली बसविलेला ट्रकही आपले मूळ काम करू शकतो. नुसत्या कापलेल्या स्प्रिंगांवर हे शक्य होत नाही.

पिशव्यांचे दोन प्रकार

बाजारात प्रामुख्याने दोन प्रकारच्या पिशव्या मिळतात. पहिला प्रकार वळ्यांच्या पिशवीचा. एकावर एक ठेवलेल्या दोन फुगीर कड्यांसारखी ती दिसते. तिचा व्यास मोठा आणि हालचाल तोकडी असते. ती दाबली गेली की तिचे परिणामी क्षेत्रफळ वाढते व त्यामुळे ती अधिकाधिक ताठ होत जाते. थोडेसे तिरपेपण ती सहन करते. पुढील भुजा वर्तुळाकार कमानीत फिरत असल्यामुळे तेथे पिशवीचा वरचा व खालचा पृष्ठभाग सतत समांतर राहू शकत नाही. म्हणून पुढील बाजूस बहुधा हाच प्रकार पसंत केला जातो.

दुसरा प्रकार बाहीच्या पिशवीचा. सदऱ्याची बाही दुमडावी त्याप्रमाणे ही पिशवी एका दट्ट्यावर दुमडत उतरते. तिचा व्यास लहान, हालचाल लांब आणि चाल मऊ असते. क्षेत्रफळ फारसे बदलत नसल्याने तिचे वर्तन अधिक एकसारखे राहते. मात्र ती सरळ रेषेत बसविलेली असावी लागते आणि फार कमी दाबावर चालविल्यास तिची दुमड चिमटून रबर फाटण्याचा संभव असतो. मागील आसावर, पुरेसा भार आणि सरळ हालचाल असेल तेथे, ही पिशवी उत्तम काम देते.

जागा, उंची आणि मर्यादा

पिशवीची दोन टोकांची उंची तक्त्यात दिलेली असते, पूर्ण दाबलेली आणि पूर्ण ताणलेली. ट्रक चालताना पिशवी या दोहोंच्या मध्याच्या आसपास असावी. उभ्या ट्रकाची सर्वांत खालची स्थिती डोळ्यांसमोर ठेवून पिशवीच्या बैठका बसविल्या, तर चालण्याच्या उंचीवर ती जवळजवळ पूर्ण ताणलेली राहते आणि रस्त्याच्या पहिल्याच उताराला ओढली जाते. म्हणून प्रथम चालण्याची उंची ठरवावी, त्या उंचीवर बैठकांमधील अंतर मोजावे आणि मग ट्रक किती खाली बसेल ते पाहावे. हा क्रम उलटणे ही या कामातील सर्वांत महागडी चूक होय.

पूर्ण फुगलेल्या पिशवीभोवती सर्व बाजूंनी सुमारे अडीच सेंटिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे. सांगाड्याची एखादी धार किंवा खिळ्याचे डोके पिशवीला घासत असेल, तर ती आज ना उद्या फुटणार हे निश्चित. पिशवीने स्वतः कोणत्याही टोकाचा थांबा होता कामा नये. खालच्या टोकाला रबरी ठोकळे आणि वरच्या टोकाला शॉक अॅब्सॉर्बरची किंवा पट्ट्याची मर्यादा असावी. शॉक अॅब्सॉर्बर तर अनिवार्यच आहेत, कारण हवा हिंदकळणे जवळजवळ मुळीच शमवीत नाही. स्प्रिंगेच्या आत बसणारे मूळ शॉक अॅब्सॉर्बर पिशवीमुळे बाहेर हलवावे लागतात आणि त्यांच्या बैठकाही तितक्याच बळकट कराव्या लागतात.

मागील बाजूस एक प्रश्न नेहमी उद्भवतो. ट्रक खाली येताच आस सांगाड्याच्या तुळईला जाऊन भिडतो. त्यासाठी तुळईत अर्धवर्तुळाकार खाच कापून तिला जाड पोलादाचा आधार जोडतात. हे काम परत फिरविता येत नाही. पन्नास-साठ वर्षे टिकलेला सांगाडा एकदा कापल्यावर त्याची मूळ शक्ती केवळ जोडकामाच्या गुणवत्तेवर अवलंबून राहते. म्हणून किती खाली, या प्रश्नाचे उत्तर हौसेने न देता मोजमापाने द्यावे. बेताने खाली बसविलेल्या ट्रकाला पुष्कळदा खाच न कापताही समाधानकारक उंची मिळते.

शेवटची कसोटी हवा पूर्ण गेल्यावरची आहे. चारही पिशव्या रिकाम्या असताना आणि टायरही सपाट झाला असताना सांगाडा, तेलाची टाकी, ब्रेकच्या नळ्या किंवा कोणताही दांडा चाकाच्या कडीखाली येता कामा नये. महामार्गावर पिशवी फुटली, तर ट्रक कडीवर घासत थांबेल, परंतु एखादा दांडा रस्त्यात रुतून उलटणार नाही. कॅलिफोर्नियाचा १९५८ चा कायदा रद्द झाला असला, तरी त्याने आखून दिलेली रेषा सुरक्षिततेची रेषा म्हणून कायम आहे.

हवेचा पुरवठा

कॉम्प्रेसर, टाकी, झडपा आणि नळ्या यांचा विचार पिशव्यांबरोबरच व्हावा. १९ लिटरची टाकी १५० पौंड दाबाने भरलेली असेल, तर वरील मापाच्या चार पिशव्या एकदा भरल्यावर तिच्यात सुमारे ११५ पौंड आणि दुसऱ्यांदा भरल्यावर सुमारे ८० पौंड दाब उरतो. तिसऱ्या वेळी कॉम्प्रेसर चालल्याशिवाय ट्रक उठणार नाही. चारही पिशव्यांना स्वतंत्र नळ्या व झडपा असाव्यात. डावी व उजवी पिशवी एकाच नळीला जोडल्यास वळणावर बाहेरील पिशवीतील हवा आतील पिशवीत पळते आणि ट्रक अधिकच कलतो. हवेतील बाष्प टाकीत साचून गंज चढतो व थंड प्रदेशात झडपा गोठतात, म्हणून पाणी वेगळे करणारा गाळा बसवावा आणि टाकी वरचेवर रिकामी करावी. प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहणे ही गळती शोधण्याची जुनी रीत आजही सर्वांत विश्वसनीय आहे. तापमान ३० अंशांवरून शून्यावर उतरले, तर कोंडलेल्या हवेचा दाब सुमारे एकदशांशाने घटतो. म्हणून थंडीच्या सकाळी थोडा खाली बसलेला ट्रक गळका असतोच असे नाही.

चाकांची जुळणी चालण्याच्या ठरविलेल्या उंचीवरच करून घ्यावी आणि ट्रक नेहमी त्याच उंचीवर चालवावा. त्याचप्रमाणे केवळ हवेवर तोललेल्या ट्रकाखाली कोणीही कधीही शिरू नये. सांगाड्याखाली भक्कम घोडे लावल्यानंतरच हात घालावा.

उपसंहार

सारांश, निवडीचा क्रम असा आहे : ट्रकाची मूळ रचना, प्रत्येक चाकावरील वजन, पिशवीची तरफेतील जागा, त्यावरून पिशवीवरील भार व दाब, चालण्याची उंची, उपलब्ध जागा, आणि सर्वांत शेवटी ट्रक किती खाली बसतो हे. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये वाहनाच्या रचनेतील फेरफारांवर कडक निर्बंध आहेत, म्हणून येथील वाचकाने हा हिशेब अभ्यासाचा विषय म्हणून पाहणे इष्ट होय. हिशेबामागील तत्त्वे मात्र बसगाडीला, आगगाडीच्या डब्याला आणि जुन्या ट्रकाला सारखीच लागू पडतात. हवा भार उचलते, परंतु ती वाट दाखवीत नाही, धक्का शमवीत नाही आणि फुटलेल्या पिशवीत थांबत नाही. ही तीन कामे इतर भागांकडे नीट सोपविली गेली, म्हणजेच हवेवर बसलेला ट्रक रस्त्यावर विश्वासाने चालू शकतो.